पैसा कुठे जावा, संशोधन कशावर व्हावं: तरुणांना मानधन देणारी कामं कशी शोधायची आणि कशी निभवायची

तरुणांच्या नावाने निघालेला निधी कोणाला द्यायचा, हे ठरवताना तरुणांनाही बसवावं ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात केलॉग फाउंडेशनच्या पाठबळावर १९८८ पासून स्थानिक देणगी संस्थांच्या जोडीला शाळकरी मुलामुलींच्या सल्लागार समित्या उभ्या राहिल्या आणि ही मुलं खऱ्याखुऱ्या अनुदानांचे निर्णय घेऊ लागली. तुलनेने नवं आहे ते एवढंच, की या कामाचे पैसे द्यायला हवेत हे संस्थाही आता कबूल करू लागल्या आहेत. ब्रिटनमध्ये आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएचआर या सरकारी संस्थेची तर यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाच आहे: सामान्य नागरिकांकडून सल्ला घ्यायचा असेल तर त्यांना मोबदला देऊ करा आणि ती रक्कम संशोधनाच्या अंदाजपत्रकात आधीच धरा.

तरी सगळ्या संधी सारख्या नसतात. कुठे मानधन चोख असतं, पण निर्णय आधीच झालेला असतो. कुठे अधिकार खरा असतो, पण पैशाचा विषय निघाला की सगळे गप्प. म्हणून या लेखात संधी शोधण्यापेक्षा ती पारखण्यावर जास्त भर दिला आहे. शोधणं त्या मानाने सोपं आहे.

आधी कामाचे प्रकार ओळखा

पहिला प्रकार अनुदान निवडीचा. संस्थेकडे आलेले अर्ज वाचायचे, गुण द्यायचे, बैठकीत बाजू मांडायची आणि पैसे कोणाला जावेत ते ठरवायचं. याची रूपं बरीच आहेत. फ्रिडा हा तरुण स्त्रीवादी गटांना मदत करणारा निधी २०१० मध्ये सुरू झाला. तिथे अर्ज करणारे गटच एकमेकांचे अर्ज वाचून मतं देतात. युरोप परिषदेच्या युवा निधीत (स्थापना १९७२) अनुदान मंजूर करणाऱ्या समितीवर सरकारांचे आणि युवा संघटनांचे प्रतिनिधी समसमान संख्येने बसतात. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे हे १२ ते २५ वयोगटाच्या मतावर सोडलं होतं. नुसतं मत देण्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. अशा उपक्रमांत मानधन असलंच तर ते बैठका चालवणं, प्रस्ताव तयार करणं, इतर तरुणांपर्यंत पोहोचणं अशा कामांचं असतं.

दुसरा प्रकार संशोधनाच्या सल्लागार गटाचा. संशोधकांनी लिहिलेले प्रस्ताव, माहितीपत्रकं, प्रश्नावल्या वाचून ‘हे आमच्या वयाच्या माणसाला कळेल का, झेपेल का, पटेल का’ ते सांगायचं. मुलांच्या आजारांवरच्या वैद्यकीय संशोधनात असे गट बऱ्याच देशांत आहेत.

तिसरा सह-संशोधकाचा, आणि सर्वांत जास्त शिकवणारा. यात तुम्ही स्वतः मुलाखती घेता, माहितीचं विश्लेषण करता, निष्कर्ष लिहिता. मानसिक आरोग्याची माहिती मोबाइलवरून द्यायला तरुण तयार होतील का आणि कोणत्या अटींवर, हे तपासणारा माइंडकाइंड हा अभ्यास भारत, दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटन या तीन देशांत १६ ते २४ वयोगटात झाला. त्याच्या आखणीपासूनच तरुणांचे गट सोबत होते.

एक फरक इथेच पक्का करून घ्या. संशोधनात ‘सहभागी’ म्हणून माहिती देणं हे वेगळं काम आहे. तिथे अभ्यास तुमच्यावर होतो, संमतिपत्रावर सही होते आणि मिळते ती बहुधा वेळेची भरपाई. सल्लागार किंवा सह-संशोधक म्हणून तुम्ही अभ्यास घडवता. काही सूचनांमध्ये हे दोन्ही एकाच ‘सहभाग’ शब्दाखाली ढकललेलं असतं. शंका आली तर सरळ विचारा: माझ्याबद्दलची माहिती गोळा होणार आहे, की मी माहिती गोळा करण्याची पद्धत ठरवणार आहे?

शोध कुठे घ्यायचा

‘युवा’ आणि ‘मानधन’ टाकून शोधलं तर इंटर्नशिपच्या जाहिरातींचा ढीग समोर येतो. त्यापेक्षा उलट दिशेने जा. तुम्हाला ज्या विषयाचा अनुभव किंवा कळकळ आहे तो धरा (शिक्षण, अपंगत्व, हवामान, स्थलांतर, मानसिक आरोग्य, काहीही) आणि त्या विषयाला पैसा कोण देतं ते पाहा. बहुतेक संशोधन अहवालांच्या शेवटी निधी देणाऱ्यांचे आभार असतात. पुरस्कर्त्यांचं नाव बऱ्याच सामाजिक प्रकल्पांच्या पत्रकांवरही छापलेलं असतं. असे चार-पाच अहवाल चाळले की तीच तीच नावं दिसू लागतात. मग त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर युवा सल्लागार, युवा मंडळ, तरुण परीक्षक, अनुभवी सल्लागार (म्हणजे त्या विषयाचा स्वतः अनुभव घेतलेले), सह-संशोधक अशा नावांची पानं शोधा आणि त्यांच्या वार्तापत्रासाठी नाव नोंदवा. या जागा बऱ्याचदा दोन-तीन आठवडेच खुल्या असतात, त्यामुळे अधूनमधून संकेतस्थळ बघणाऱ्याच्या हाती मुदत संपलेलीच सूचना लागते.

दुसरी वाट विद्यापीठांची. आरोग्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र या विभागांत लोकसहभागाचं काम बघणारी माणसं असतात. त्यांना चार ओळींचा मेल टाका: वय, विषय, आठवड्याला किती वेळ देऊ शकता, कोणत्या भाषा येतात. उत्तर आलं नाही तर महिन्याने पुन्हा. हा चिकटपणा वाटत असेल तर वाटू द्या. संशोधकांना नवीन प्रस्ताव लिहिताना घाईघाईत तरुण हवे असतात, आणि त्या वेळी ज्याचा मेल समोर असतो त्याला फोन जातो.

तिसरी वाट म्हणजे जे आधीच हे काम करताहेत ते तरुण. संस्थेच्या पानावर सदस्यांची नावं असतील तर त्यांतल्या एखाद्याला अनुभव विचारा. पाच मिनिटांच्या गप्पांत जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकात कधीच नसतं.

सूचना वाचताना काय शोधायचं

मुलांच्या सहभागाबद्दल १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, सजावट आणि नावापुरता सहभाग. या तिन्हींना त्यांनी सहभाग मानलंच नाही. आज कुठलीही संस्था ‘आम्हाला शोभेचे तरुण हवेत’ असं लिहीत नाही, त्यामुळे पायरी तुम्हालाच ओळखावी लागते.

क्रियापदांकडे बघा. ‘मत मांडाल’, ‘प्रेरणा द्याल’, ‘आवाज बनाल’ असं असेल तर सावध व्हा. ‘गुण द्याल’, ‘निवडाल’, ‘मंजूर कराल’, ‘मसुदा तयार कराल’ ही कामाची क्रियापदं. मग एक प्रश्न विचारून बघा, लेखी किंवा फोनवर: गेल्या वर्षी तरुणांच्या सांगण्यावरून नेमकं काय बदललं? चांगल्या संस्थेकडे याचं ठोस उत्तर असतं. अमुक अर्ज नाकारला, तमुक प्रश्न गाळला, अर्जाचा नमुना आठ पानांवरून तीनवर आणला. ज्यांच्याकडे नसतं ते ‘तरुणांकडून आम्हाला खूप शिकायला मिळालं’ असं काहीतरी सांगतात.

अंतिम शब्द कोणाचा, हेही विचारा. तरुणांची समिती शिफारस करते आणि विश्वस्त मंडळ शिक्कामोर्तब करतं, ही पद्धत सर्रास आहे आणि तिच्यात वावगं काही नाही. फक्त शिफारस फेटाळली गेली तर कारण लेखी कळतं का, हे आधी माहीत हवं. गटात तुमच्या वयाचे आणखी किती जण असतील, तेही पाहा. बारा मोठ्यांच्या समितीत एकच तरुण असला तर त्याच्याकडून सबंध पिढीच्या वतीने बोलण्याची अपेक्षा केली जाते. अशा वेळी ‘मी जोडीने येईन’ असं म्हणायला संकोच करू नका.

मानधनाचं गणित

इथे जरा थांबू, कारण फसगत इथेच होते, आणि बहुतेक वेळा ती कोणाच्या वाईट हेतूमुळे होत नाही. संस्थेला बैठक दिसते, तुमचं घरी बसून केलेलं वाचन दिसत नाही.

उदाहरण घ्या. दोन तासांची बैठक, मानधन दोन तासांचं. बैठकीआधी बारा अर्ज वाचायचे. एक अर्ज नीट वाचून, गुण देऊन, दोन ओळींचा शेरा लिहायला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे वाचनाचेच आठ तास. काम दहा तासांचं आणि पैसे दोन तासांचे. कागदावर दिसणारा ताशी दर कितीही घसघशीत असो, तुमच्या हातात त्याचा पाचवा हिस्साच पडतो. म्हणून दर विचारण्याआधी तास विचारा: पूर्ववाचन, प्रशिक्षण, प्रवास, बैठकीनंतरचे मेल.

विचारायला भीड वाटते हे खरं. मजकूर असा असला तरी पुरतो:

‘नमस्कार, आपल्या सल्लागार गटाची सूचना वाचली, अर्ज करायची इच्छा आहे. त्याआधी तीन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. मानधन फक्त बैठकीच्या तासांचं आहे, की पूर्ववाचनाचा वेळही त्यात धरला आहे? प्रवासखर्च आधी मिळतो की नंतर पावत्यांवर? आणि बैठकीनंतर साधारण किती दिवसांत पैसे जमा होतात?’

यात उर्मट काही नाही. उलट ज्या संस्थेला हे प्रश्न खटकतात ती कशी आहे हे तुम्हाला तिथेच कळून चुकतं.

पैसे कोणत्या रूपात मिळणार, यावरही बरंच अवलंबून आहे. बँकेत जमा होणारे पैसे सर्वांत बरे. काही संस्था खरेदीची कुपनं देतात, कारण त्यांच्या हिशेब खात्याला ते सोपं जातं. कुपनाने फी भरता येत नाही, तेव्हा पर्याय मागा. स्वतःच्या नावाचं खातं नसेल तर पालकांच्या खात्यावर पैसे घेण्याआधी घरात स्पष्ट बोलून घ्या. प्रवास, मुक्काम, इंटरनेट, अपंगत्व असल्यास सोबतीचा माणूस, सांकेतिक भाषेचा दुभाषी हे सगळे खर्च आहेत, मानधन नव्हे. ‘मानधनातच सगळं आलं’ असं कोणी म्हणालं तर मानधन कमी केलंय असं समजा. खिशातून आधी खर्च करून महिन्याने परतफेड, ही पद्धत ज्याच्याकडे खिशात काही आहे त्यालाच परवडते. तिकीट संस्थेनेच काढून द्यावं असं सुचवा, बऱ्याच जागी ते होतं.

आणखी तीन गोष्टी तपासून घ्या, कारण त्यांचे नियम देशागणिक वेगळे असतात. हे उत्पन्न करपात्र ठरतं का. तुम्हाला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर किंवा सरकारी मदतीवर याचा परिणाम होतो का. परदेशात विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे ‘काम’ धरलं जातं का. या तिसऱ्या बाबतीतली चूक महागात पडू शकते. संस्थेचा कर्मचारी ‘काही होत नाही’ म्हणाला तरी त्याच्यावर विसंबू नका, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारा.

अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती, सोबत येणारी जबाबदार व्यक्ती आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव, यांपैकी एक जरी नसेल तर जाऊ नका. मानधन कितीही असो.

अर्ज लिहिणं

पदव्या आणि प्रमाणपत्रांची यादी इथे फार उपयोगाची नसते. निवडणाऱ्यांना दोन गोष्टी बघायच्या असतात: विषयाशी तुमचं नातं काय, आणि दुसऱ्याचं ऐकून तुम्ही स्वतःचं मत बदलू शकता का. दुसऱ्या गोष्टीबद्दल जवळजवळ कोणीच लिहीत नाही, म्हणून तुम्ही लिहा. एखाद्या गटात तुम्ही एक म्हणत होता, कोणीतरी वेगळी माहिती पुढे आणली आणि तुम्ही मान्य केलंत, असा प्रसंग चार वाक्यांत सांगा. स्वतःच्या आयुष्यातलं दुःख उघड केल्याशिवाय अर्ज मजबूत होणार नाही, हा समज मात्र सोडून द्या. ‘या विषयाचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे’ एवढं वाक्य पुरेसं असतं. तपशील मागितले तर किती द्यायचे ते तुमच्या हातात.

अनुदानाचे अर्ज वाचताना

पहिल्यांदा अर्जांचा गठ्ठा हाती आला की सुबक भाषेची भुरळ पडते. समजा, दोन अर्ज समोर आहेत. पहिल्यात छान आलेख, ‘३,००० तरुणांचं सक्षमीकरण’, प्रत्येक परिच्छेदात परिवर्तन. दुसरा दोन पानांचा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट: ‘मागच्या वर्षी ४० मुली आल्या, ११ मधेच थांबल्या. संध्याकाळी परत जायला वाहन नव्हतं. म्हणून या वेळी निम्मा खर्च वाहनावर दाखवला आहे.’

आता दोघांचं अंदाजपत्रक उघडा. पहिल्यात प्रवासासाठी शून्य आणि प्रसिद्धीसाठी भरघोस रक्कम असेल, तर ते तीन हजार तरुण येणार कसे? दुसऱ्या अर्जाने स्वतःचं अपयश मोजलंय, कारण शोधलंय आणि पैसा त्या कारणावर लावलाय. गुण देताना हेच शेऱ्यात लिहा, ‘अर्ज आवडला’ असं नको. माझी पद्धत अशी की आधी अंदाजपत्रक वाचायचं, मग वर्णन. शब्द फुगवता येतात, आकड्यांच्या रकान्यात रिकामी जागा लगेच दिसते.

ओळखीच्या गटाचा अर्ज आला तर वाचायच्या आधीच सांगा आणि त्या चर्चेतून बाहेर बसा. मित्राची संस्था, पूर्वी स्वयंसेवा केलेली जागा, नातेवाइकांचं काम, सगळं यात आलं. तरुण परीक्षकांवर पक्षपाताचा आळ पटकन येतो, आणि एकदा आला की तुमच्यासोबत गटाचाही शब्द हलका होतो. अर्जांतली माहिती बाहेर बोलायची नाही, हे तर उघडच आहे. नाकारलेल्या गटाने तुम्हाला समाजमाध्यमावर गाठलं तर उत्तर न देता संस्थेकडे पाठवा.

बैठकीत शेवटी बोलायची वाट बघू नका. मोठ्या पदाचा माणूस बोलून गेल्यावर मतभेद नोंदवणं जड जातं. सगळ्यांचे गुण चर्चेआधी गोळा करावेत आणि मग बोलावं, अशी मागणी पहिल्याच बैठकीत करा.

संशोधनाचे कागद वाचताना

तांत्रिक शब्द कळले नाहीत म्हणून गप्प बसणारे अनेक असतात. न कळणं हीच इथे तुमची कामाची नोंद आहे. तुम्हाला अडलेलं वाक्य अभ्यासात येणाऱ्या तरुणालाही अडणार.

माहितीपत्रकातलं एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘सहभागी कोणत्याही वेळी अभ्यासातून माघार घेऊ शकतो.’ वाचायला बिनचूक. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या जागी बसून वाचलं तर प्रश्न उभे राहतात. माघार घ्यायची म्हणजे कोणाला सांगायचं? तोंडी चालेल का? तोवर दिलेली माहिती पुसणार की ठेवणार? नाव काढून टाकलेली माहिती नंतर शोधून पुसता येते का? शिक्षकांमार्फत अभ्यासात आले असेन तर त्यांना कळेल का? मिळालेले पैसे परत द्यावे लागतील का? हे प्रश्न समासात लिहून पाठवलेत की तुमचं त्या दिवसाचं मानधन सार्थकी लागलं. प्रश्नावलीची लांबी, परीक्षेच्या काळात ठेवलेल्या भेटी, घरच्यांसमोर उत्तर देता येणार नाही असे प्रश्न, या गोष्टीही बाहेरून आलेल्या संशोधकाच्या नजरेतून सुटतात.

शक्य असेल तर प्रस्ताव लिहिण्याच्या टप्प्यावर बोलावणाऱ्यांना पसंती द्या. निधी मंजूर झाल्यावर प्रश्न आणि पद्धत जवळपास पक्की झालेली असते आणि तुमच्या वाट्याला पत्रकाचे रंग निवडणं उरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा दस्तऐवज) संशोधनाआधी, संशोधनादरम्यान आणि नंतरही सहभागींना व त्यांच्या समुदायांना अर्थपूर्ण रीतीने सामील करून घ्यावं असं म्हटलं आहे. वैद्यकीय संशोधकांना तो जाहीरनामा चांगला माहीत असतो, त्यामुळे ‘आधी’ या शब्दावर बोट ठेवायला हरकत नाही.

सह-संशोधक म्हणून मुलाखती घेणार असाल तर प्रशिक्षण पगारी वेळेत मागा. समोरचा रडू लागला, त्याने स्वतःला इजा करण्याबद्दल सांगितलं, तर त्याच क्षणी कोणाला फोन करायचा हे लेखी हवं. तुम्हाला स्वतःला त्रास झाला तर बोलायला माणूस हवा. या दोन गोष्टींची सोय नसताना मुलाखती सुरू करू नका.

स्वतःची गोष्ट किती सांगायची

अनुभवामुळे तुम्हाला बोलावलंय, म्हणून दर बैठकीत तो अनुभव उघडा करावा असा त्याचा अर्थ होत नाही. तीन कप्पे मनात ठरवून जा: कुठेही सांगेन, फक्त या खोलीत सांगेन, कोणालाच सांगणार नाही. फोटो आणि चित्रफितीची संमती वेगळी द्या, मुदतीसह. तीन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीआधी कोणी तुमचं नाव शोधलं तर काय दिसेल, याचा विचार आजच करा. कार्यक्रमात ऐनवेळी ‘तुझी गोष्ट सांग ना’ असा आग्रह झाला तर ‘आज मी अर्जांबद्दल बोलणार आहे’ हे उत्तर पाठ करून ठेवा.

काम संपताना काय मागून घ्यायचं

कार्यकाळ संपायच्या आधी, म्हणजे ओळखीची माणसं बदलायच्या आधी, शिफारसपत्र मागा. त्यात ‘उत्साही सदस्य’ एवढंच नको. किती अर्ज तपासले, एकूण किती रकमेच्या निर्णयात भाग घेतला, कोणतं प्रशिक्षण झालं, हे आकड्यांत असावं. मसुदा तुम्हीच करून दिला तर ते लवकर मिळतं.

संशोधनात नावाचा प्रश्न सुरुवातीलाच काढा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. पहिला निकष तुम्ही पूर्ण केला असेल तर मसुदा वाचायला मिळणं हा तुमचा हक्क ठरतो, कारण तो न दाखवताच तुम्हाला यादीतून गाळणं त्या समितीच्या नियमांत बसत नाही. चारपैकी एखादा निकष जरी पूर्ण होत नसेल तर आभारात नाव आणि कामाचं नेमकं वर्णन मागा. नाव छापायचं नसेल तर तेही सांगा. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख सांगणारा कायमचा क्रमांक फुकट मिळतो, तो काढून ठेवा. आडनाव, शहर, विद्यापीठ बदललं तरी तुमचं प्रकाशित काम त्याच क्रमांकाखाली राहतं. तुमच्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाही आणि का, याची लेखी यादी शेवटच्या मानधनासोबत मागून घ्या.